संघटनेत 'महिला कक्ष' काढा म्हणतात, पण तक्रार कोणाकडे करायची ते कोणी सांगत नाही

पाटोपुलाची (मंगळवार ३ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ (सोलकढीत नारळाचं दूध की नाही यावरून एकदा भांडले होते ते सोडून).

मी गोव्यात टाऊन प्लॅनर आहे, बारा वर्षं झाली. आमच्या पेशाची एक संघटना आहे, तिचा इथे चॅप्टर आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळेल त्यांनी मनातच ठेवावं. यंदा मी कार्यकारिणीत निवडून आले. नऊ जणांत एकटी बाई. पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष म्हणाले, आता मॅडम आल्यात तर महिला कक्ष काढूया, ८ मार्चला छान कार्यक्रम करूया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पंधरा हजार मंजूर. कार्यक्रम म्हणजे काय तर एक सत्कार, एक योगावरचं भाषण आणि स्नॅक्स.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबरात आमची कॉन्फरन्स इथेच झाली, इफ्फीचे (फिल्म फेस्टिव्हलचे) दिवस, पणजीत खोल्या मिळेनात म्हणून हॉटेल लांब घेतलं होतं. एक मुलगी, नुकतीच मास्टर्स करून आलेली, एका छोट्या ऑफिसात काम करते, ऑफिसनेच पाठवलेली. साइट व्हिजिटच्या बसमध्ये एक ज्येष्ठ सभासद तिच्या शेजारी येऊन बसले, अर्धी बस रिकामी असताना. पुढचं लिहीत नाही. रात्री मेसेज आला की पोर्टफोलिओ घेऊन रूमवर ये, मुंबईच्या मोठ्या ऑफिसात शब्द टाकतो. ती गेली नाही. जानेवारीत त्यांच्याच पुढाकाराने वर्कशॉप होतं, त्याच्या यादीतून हिचं नाव गळलं. विचारलं तर म्हणे जागा संपल्या. जागा संपल्या नव्हत्या, मी गेले होते, मागच्या दोन रांगा रिकाम्या.

ती माझ्याकडे आली कारण महिला कक्षाची बातमी तिने ग्रुपवर वाचली. मी अध्यक्षांना गाठलं तर म्हणाले, "आपलीच माणसं आहेत, एकदा चहाला बसून मिटवूया." चहाला कोणी कोणाबरोबर बसायचं ते काही बोलले नाहीत.

तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही बदललंय. मला विचारायचंय की अशा संघटनेत, जिथे आम्ही कोणी कोणाचे नोकर नाही, तिथे करायचं काय? आणि तो ८ मार्चचा कार्यक्रम करू का?

घुमटवादक

योगावरचं भाषण त्या ज्येष्ठ सभासदांचंच ठेवा. विषय: हात कुठे ठेवावेत.

सुंगटांची_हुमण

घुमट, हसू आलं आणि रागही आला.

ताई, ज्येष्ठ सभासद, बस, पोर्टफोलिओ. मी २००९ साली हा पेशा सोडला, आता फोंड्याला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, बरं चाललंय. सोडण्याचं कारण घरी सांगितलं होतं की पगार कमी आहे. पगार कमी होताच म्हणा.

निवृत्त_नकाशावाला

मी सरकारी नियोजन खात्यात ३४ वर्षे काढली. अनेक महिला सहकाऱ्यांबरोबर काम केले, कधी कोणाची तक्रार ऐकली नाही. हल्ली मुले लवकर दुखावतात असे वाटते. ज्येष्ठ माणूस शेजारी बसला, मार्गदर्शन करतो म्हणाला, यात लगेच संघटना, समित्या कशाला? आमच्या चॅप्टरने किती कष्टाने नाव कमावले आहे. रीजनल प्लॅन २०११ (राज्याच्या जमीनवापराचा आराखडा) वेळी सगळा गोवा रस्त्यावर होता, २००७ मध्ये तो रद्द करावा लागला, मग २०२१ चा प्लॅन करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैय्यांसारखी माणसे टास्क फोर्समध्ये होती, त्या काळात लोक आम्हाला शिव्या घालत होते तेव्हाही आम्ही एकमेकांना धरून राहिलो. घरातली गोष्ट घरात सुटावी एवढेच.

कलमकसाई

तारीख?

पाटोपुलाची

कसली तारीख?

कलमकसाई

बसची.

पाटोपुलाची

२२ नोव्हेंबर. मेसेजही त्याच रात्री.

कलमकसाई (बुधवार ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५)

मग आधी हे वाचा, चर्चा नंतर. मी म्हापशाला वकिली करते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात (आपण सगळे पॉश म्हणतो तोच) तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण ते समितीच्या मर्जीवर, आपण धरून चालायचं नाही. २२ नोव्हेंबर म्हणजे २२ फेब्रुवारी. तो रविवार आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात कार्निव्हल. हिशेब तुम्ही करा. जानेवारीतलं नाव गाळणं धरून तारीख पुढे नेता येईल असं कोणी सांगेल, मी त्यावर विसंबणार नाही.

आता "आम्ही कोणी कोणाचे नोकर नाही" याबद्दल. मुंबई हायकोर्टाने २०२५ च्या जुलैत वकिलांच्या बाबतीत हेच म्हटलंय, की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर नातं नाही त्यामुळे हा कायदा तिथे लागू नाही, कौन्सिलच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आहे. म्हणजे तुमचे अध्यक्ष उद्या तुम्हाला हेच ऐकवतील. पण ताई, तुम्ही उलट्या टोकाने बघताय. संघटना सोडून द्या. ती मुलगी कुठे नोकरीला आहे? एका ऑफिसात. ऑफिसने तिला कुठे पाठवलं? कॉन्फरन्सला. कायद्यातलं कामाचं ठिकाण म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे, कामानिमित्त जिथे जाल ती जागा, नोकरी देणाऱ्याने दिलेलं वाहनसुद्धा. हॉटेल आलं, साइटही आली. तिच्या ऑफिसात माणसं किती?

पाटोपुलाची

साहेब धरून सहा.

कलमकसाई

दहापेक्षा कमी असतील तर अंतर्गत समिती असत नाही, पण म्हणून दार बंद होत नाही. अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तक्रार तिथे. लेखी, सहा प्रतींत, सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदार असतील तर त्यांची नावं-पत्ते. तिला लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची असते. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही देता येते. पोलिसांकडे जाणं हा वेगळा रस्ता, तोही उघडा आहे, न्याय संहितेचं कलम ७५. दोन्ही एकदम करता येतात. काय करायचं ते मात्र तिने ठरवायचं. तुम्ही नाही आणि मीही नाही.

तर्ककठोर

सगळं एकतर्फी चाललंय. त्या गृहस्थांची बाजू कोणी ऐकली? आजकाल एका स्क्रीनशॉटवर माणसाची तीस वर्षांची इज्जत जाते. खोट्या तक्रारींचं काय?

घुमटवादक

तर्ककठोर आले, म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. पॉपकॉर्न नको, चणे-फुटाणे आणतो.

कलमकसाई

तर्ककठोर, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर कायद्यातच आहे. मुद्दाम खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर तक्रारदारावर कारवाई होते, कलम १४. त्याच कलमात असंही आहे की नुसती सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. हे दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत.

आणि बाजू ऐकण्याबद्दल म्हणाल तर सगळ्या देशाने धडा घेतला तो आपल्याच गोव्यातल्या केसवरून. गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रार केली. समितीने इतक्या घाईत चौकशी उरकली की सुप्रीम कोर्टाने १२ मे २०२३ ला बडतर्फीचा निर्णय रद्द केला आणि चौकशी मध्येच जिथे घाई सुरू झाली तिथून पुन्हा करा म्हणून सांगितलं. चौदा वर्षांनी! ज्या मुली तेव्हा कॉलेजात होत्या त्या आज कुठे असतील. म्हणजे नीट समिती नसली की त्या माणसावरही अन्याय, त्या मुलींवरही. तुम्हाला बाजू ऐकलेली हवी ना, मग चहाला बसून कशी ऐकणार? चहाला बसून फक्त मोठा माणूस ऐकवतो.

त्याच निकालात कोर्टाने व्यावसायिकांच्या वैधानिक संस्थांनीही आपापल्याकडे समित्या आहेत का तपासा म्हटलंय, डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट सगळे.

मयेचा_तलाव

आर्किटेक्ट होय, पण प्लॅनर नाही! हाच तर घोळ. आर्किटेक्टांना १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, तिथे गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते, लायसन जाऊ शकतं. टाऊन प्लॅनरसाठी असा कायदाच नाही देशात. सगळं संघटनेवर. आणि संघटना म्हणजे कोण, तर ज्यांच्या ऑफिसात तुम्ही इंटर्नशिप केली, ज्यांनी तुमचा प्रबंध तपासला, जे टेंडरच्या कमिटीवर बसतात आणि शिफारसपत्र देतात तेच सात-आठ जण. गोवा केवढासा, पेडणे ते काणकोण. एकाशी वाकडं आलं की दुसऱ्याच्या ऑफिसात सकाळपर्यंत पोचलेलं असतं.

तिसरी_बेंच

मी आल्तिनोला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत मुलांपेक्षा. तरी ज्यूरीला (आमचं काम तपासायला) येणारे सगळे सरच. एक मॅडम आल्या होत्या तर त्यांना मधल्या सुट्टीत कोणीतरी विचारलं, चहा कुठे ठेवलाय. धाग्याशी संबंध नसेल तर सॉरी.

सुंगटांची_हुमण

संबंध आहे गो बाय. खूप आहे.

वाळपईकर

मला एक साधी गोष्ट कळत नाही, या संघटनांच्या सगळ्या मीटिंगा संध्याकाळी साडेसहाला पणजीतच का असतात? माझी बायको पण याच लाईनीत, सत्तरीहून येते, मीटिंगनंतर "अनौपचारिक गप्पा" असतात आणि खरे निर्णय त्या गप्पांत होतात, कोणाला कुठल्या कमिटीवर घ्यायचं वगैरे, आणि ती तेव्हा बस स्टँडवर उभी असते कारण रात्री वाळपईची बस म्हणजे नशिबाची गोष्ट, एकदा मी तिला आणायला साखळीपर्यंत स्कूटर घेऊन गेलो होतो पावसात. मागीर म्हणणार बायका इंटरेस्ट घेत नाहीत. महिला कक्षापेक्षा मीटिंग शनिवारी सकाळी अकराला ठेवा, निम्मं काम झालं.

घुमटवादक

निम्मं नाही, पण बार बंद असल्यामुळे बाकीचं निम्मंही होईल.

रानातला_माणूस

गोव्यात कुठलाही प्रश्न नियोजन कायद्याच्या १७(२) ने सुटतो. हॅरॅसमेंट ही मूळ प्लॅनमधली "त्रुटी" होती असं दाखवायचं, अर्ज करायचा, झोन बदलून मार्गदर्शन झोन करून टाकायचा.

मयेचा_तलाव

ते नियम हायकोर्टाने २०२५ च्या मार्चमध्ये उडवले की.

रानातला_माणूस

मग झोन बदलायला त्याच कायद्याचं ३९अ आहे ना. बारदेसात किती हेक्टर गेले बघा, डोंगर कापतायत दिवसाढवळ्या, आणि हे प्लॅनर लोक

संपादक

३९अ साठी वेगळा धागा आहे, तिकडे जावे. तसेच "ते ज्येष्ठ म्हणजे अमुक का" असे विचारणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा अंदाज लावल्यास आयडी गोठवू. २०१३ सालच्या हॉटेलच्या लिफ्टमधल्या प्रकरणावरही इथे नको, त्यावर आधीच तीन धागे लढून झाले आहेत.

रापणकार (गुरुवार ५ फेब्रुवारी, रात्री ११:५२)

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

मी पुरुष, याच पेशातला, दुसऱ्या एका संघटनेत पाच-सहा वर्षं कार्यक्रमांची व्यवस्था बघितली. साइट व्हिजिट असली की गाड्यांची यादी मी करायचो. आणि दरवर्षी न चुकता, कोणी न सांगता, मी नवीन मुलींना पुढच्या गाडीत बसवायचो. कारण मागच्या गाडीत एक माणूस असायचा. मला माहीत होतं. माझ्या आधी यादी करणाऱ्यालाही माहीत होतं, त्यानेच मला जाता जाता सांगितलं होतं, जसं प्रोजेक्टरची केबल कुठल्या कपाटात आहे ते सांगितलं तसंच. मला वाटायचं मी मुलींची काळजी घेतोय. बरं वाटायचं मला स्वतःबद्दल, खोटं कशाला बोलू.

परवा हा धागा वाचला आणि डोक्यात आलं की मी सहा वर्षं त्या माणसाची सोय करत होतो. त्याला कधी कोणी म्हटलं नाही की तू गाडीतून उतर.

सुंगटांची_हुमण

रापणकार, २००९ ला पुढची गाडी भरली होती.

रापणकार

काय बोलू. माफ करा.

तर्ककठोर

मला एवढंच म्हणायचं होतं की दोन्ही बाजू ऐकाव्यात. तरी रापणकारांचा प्रतिसाद वाचून थोडा थांबलो. आमच्या कंपनीतही अशी "गाड्यांची यादी" आहे, वेगळ्या नावाने. तिथे अंतर्गत समिती आहे, भिंतीवर तिचा बोर्डसुद्धा आहे, त्यावरची एक मेंबर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेली.

कलमकसाई

बोर्डाचा फोटो काढून ठेवा. समितीच नेमली नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि नेमलेली तीन वर्षांवर राहत नाही.

पाटोपुलाची (शुक्रवार ६ फेब्रुवारी)

सगळ्यांना धन्यवाद. कलमकसाई ताई, तुमचे प्रतिसाद तिला पाठवले. ती म्हणाली विचार करते. मंगळवारी कार्यकारिणी आहे, मी तिथे लेखी ठराव मांडणार: संघटनेच्या घटनेत आचारसंहितेचं कलम घालायचं, बाहेरच्या अनुभवी बाईला घेऊन समिती करायची, तक्रार आली तर चौकशी होईपर्यंत त्या माणसाला व्यासपीठ, ज्यूरी, वर्कशॉप काही द्यायचं नाही, आणि सिद्ध झालं तर सभासदत्व रद्द. कायदा आम्हाला लागू असो-नसो, आपल्या घरचे नियम करायला कोणाची एनओसी लागत नाही ना? पंधरा हजार त्यासाठीच वापरायचे.

आपण रोज लोकांना सांगतो की आधी सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडा मग भिंत घाला. आमच्या संघटनेने कंपाउंडपण घातलं नि गच्चीपण, सेटबॅकचं नावच नाही.

घुमटवादक

आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट अध्यक्षांनी स्वतःच स्वतःला दिलं.

मयेचा_तलाव

ठरावात एक घाला. तक्रार अध्यक्षांकडे द्यायची नाही, थेट समितीकडे. नाहीतर पहिली पायरीच चहाची.

वाळपईकर

आणि मीटिंग अकराला.

निवृत्त_नकाशावाला (रविवार ८ फेब्रुवारी, पहाटे ५:०५)

मी मंगळवारी वर जे लिहिले ते परत वाचले. "कधी कोणाची तक्रार ऐकली नाही" असे मी लिहिले आहे. ते खरे आहे.

आमच्या ड्रॉइंग सेक्शनला एक ट्रेसर होती. त्या काळी संगणक नव्हते, ट्रेसिंग पेपरवर नकाशा उतरवायचा आणि त्याचे अमोनिया प्रिंट काढायचे. त्यासाठी मागे एक अंधारी खोली होती, डोळ्यांतून पाणी यायचे असा वास. ही मुलगी त्या खोलीत एकटी कधी जायची नाही. प्रिंट काढायचे झाले की शिपाईण येईपर्यंत थांबायची, मग काम तुंबायचे. मी सेक्शनचा प्रमुख होतो. मी तिला दोनदा मेमो दिला. अमोनियाचा त्रास होतो का म्हणून विचारले तर "होय सर" म्हणाली. मी तिला रुमाल बांधायला सांगितले.

वर्षभरात तिने बदली मागून घेतली, हुद्दा खालचा असूनही. मी शेरा मारला होता, कामात संथ.

त्या खोलीची किल्ली कोणाकडे असायची ते मला काल रात्री आठवले. झोप लागली नाही. रापणकार यांना निदान माहीत होते. मला विचारायचेही सुचले नाही आणि मी त्याला तक्रार नव्हती असे म्हणतो.

पाटोपुलाची बाय, मी तुमच्या संघटनेचा आजीव सभासद आहे. तुम्ही कोण ते मला पहिल्याच दिवशी कळले होते, तेव्हा राग आला होता. मंगळवारी मी कार्यकारिणीत बसू शकत नाही, पण आपल्या घटनेत विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यासाठी मागणीपत्राची तरतूद आहे. माझ्याकडे जुनी छापील प्रत आहे. किती सह्या लागतात ते बघून कळवतो.

पाटोपुलाची

काका, काय लिहू. मंगळवारी ठराव मांडते. बाकी फोनवर बोलू.

सुंगटांची_हुमण

काका, कामात संथ हा शेरा मलाही होता. दुसऱ्या ऑफिसात, दुसऱ्या खोलीवरून.

तिसरी_बेंच

हे सगळं वाचून प्रश्न पडला, कायदा २०१३ चा, मग त्याच्या आधी काय होतं? काहीच नाही?

कलमकसाई

आधी विशाखा होतं बाय. राजस्थानात भंवरीदेवी नावाची साथिन, सरकारच्याच कामावर, गावातला बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून काही संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये कोर्टाने ही विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, कायदा होईपर्यंत हेच कायदा समजा म्हणून. कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं. आणि मल्याळम सिनेमावाल्या बायका २०१७ ला एकत्र आल्या, त्यांच्यामुळे हेमा समिती बसली, तिचा अहवाल २०१९ च्या शेवटी सरकारला दिला तो लोकांना वाचायला मिळाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. तिथेही हाच प्रश्न होता, संघटना आहे पण मालक कोण?

पाटोपुलाची (बुधवार ११ फेब्रुवारी)

काल झालेलं सांगते. ठराव वाचला. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, बाहेरच्या सदस्याला मानधन किती द्यायचं. मला वाटलं छान, कामाचं बोलतायत, पण ते विचारत होते की यामुळे ८ मार्चच्या स्नॅक्सचं काय. एकजण म्हणाले भाषा कडक आहे, 'छळ' ऐवजी 'अनुचित वर्तन' करा. एकजण म्हणाले, असं केलं तर ज्येष्ठ लोक मुलींना शिकवायलाच घाबरतील. मी विचारलं, मुलांना शिकवताना घाबरत नाहीत ना? दोघे माझ्या बाजूने बोलले, त्यातल्या एकाकडून मला अपेक्षाच नव्हती. शेवटी अध्यक्षांनी "विषय पुढील बैठकीत घ्यावा" असं लिहवून घेतलं. पुढली बैठक मार्चच्या शेवटी.

मी सांगितलं, ८ मार्चचा कार्यक्रम मी करणार नाही, पंधरा हजार परत घ्या. हे इतिवृत्तात घाला म्हटलं. घातलं, माझ्यासमोर.

निवृत्त_नकाशावाला

मागणीपत्राला पंचवीस सह्या लागतात. आजपर्यंत अकरा झाल्या. त्यातल्या सात माझ्या वयाच्या माणसांच्या. एकाने सही करताना विचारले, नाव कोणाचे आहे. मी म्हटले कोणाचेच नाही, नियमाचे आहे. सही केली त्याने. दोघांनी दारातूनच परत पाठवले, त्यातला एक माझा साडू आहे.

रापणकार

काका, माझी सही चालत नाही, मी तुमचा सभासद नाही. पण मी आमच्याकडे हेच पत्र मांडतोय. आणि पुढच्या साइट व्हिजिटची यादी करायला नकार दिलाय. कारण लेखी दिलं.

तर्ककठोर

रापणकार, चांगलं केलंत. (लिहायला वेळ लागला.)

वाळपईकर

अवांतर: कार्निव्हलमुळे शनिवारी पणजीत गाडी आणू नका कोणी. सह्यांसाठी फिरणाऱ्या काकांनी तर मुळीच नाही.

पाटोपुलाची (सोमवार १६ फेब्रुवारी)

तिने काल रात्री फोन केला. दोन आठवडे तिने काही ठरवलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आईला सांगितलंय म्हणाली. आई आधी रडली, मग म्हणाली, तुझ्या वडलांना मी सांगते, तू अर्ज लिही. तिचे ऑफिसातले साहेब घाबरलेत, पण लेखी देतो म्हणाले की मीच तिला पाठवलं होतं.

कलमकसाई ताई, मसुदा आज रात्री तुम्हाला पाठवते. फी सांगा.

कलमकसाई

फी म्हणून सोलकढी. नारळाचं दूध घातलेली. त्यावर वाद नको.

मसुद्यात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, बसमधली सीट, काय झालं, तिने काय म्हटलं, मेसेज कितीला आला, शब्द न् शब्द. वर्कशॉपची यादी जोडा. "मला वाईट वाटलं" लिहायचं असेल तर लिहू दे, एकदाच.

पाटोपुलाची (बुधवार १८ फेब्रुवारी, दुपारी १२:२०)

कलेक्टर ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलेय. ती आत गेलीय, माझी सोबत नको म्हणाली, एकटीच जाते. झेरॉक्सवाल्याला सहा प्रती सांगितल्या तर तिने सातवी काढायला लावली. स्वतःसाठी.

निवृत्त_नकाशावाला

पोच घ्यायला सांग. गोल शिक्का, सही आणि तारीख तिन्ही बघून घे म्हणावे. नुसत्या शिक्क्यावर परत येऊ नये.

पाटोपुलाची (दुपारी १:०५)

आली. शिक्का होता, तारीख नव्हती. परत आत जाऊन घालून घेतली. १८.

निवृत्त_नकाशावाला

बरे केले. एकोणीस सह्या झाल्या आहेत.